लायसन्सवरचा रक्तगट आणि पोटरीतला गोळा

खिशातलं ड्रायव्हिंग लायसन्स काढा आणि त्यावर रक्तगट कुठे छापलाय ते बघा. ए, बी, एबी की ओ? अपघात झाला, रक्त लागलं, तर उपयोगी पडावं म्हणून ते अक्षर तिथे असतं. पण उतारवयात तुमच्या पायांच्या रक्तवाहिन्या कितपत मोकळ्या राहतील याच्याशीही त्याचा संबंध आहे, थोडासा का होईना. म्हणजे मी ज्या विषयावर पीएचडी करतोय, त्यातला एक जनुकीय मार्कर तुम्ही रोज खिशात घेऊन फिरता!

नांदेड असो की लातूर, मी विषय सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे पाय कापायची पाळी येणारंय का ते रक्त तपासून आधीच कळतं?" याचं हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. मार्कर नावाची गोष्ट या आजारात कुठून आली, कुणाच्या पायांवरून आली आणि आपल्यापर्यंत येईतो तिचं काय होतं, हे सांगितल्याशिवाय ते उत्तर अर्धवटच राहतं. म्हणून आजची पोस्ट इतिहासाची आहे.

आधी आजार काय ते बघू. नाव पेरिफेरल आर्टेरियल डिसीज, आपण पीएडी म्हणू. पायांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांच्या आतल्या बाजूला चरबी, कॅल्शियम आणि पेशींचा थर साचत जातो आणि वाट अरुंद होते. बसल्या जागी पायाला लागेल तेवढं रक्त तरीही पोचतं. चालायला लागलं की स्नायू जास्त मागतात, आणि ते मिळत नाही. मग पोटरीत गोळा येतो. "आधी बांधापस्तोर जात होतो, आता विहिरीपस्तोर गेलं की पोटरी भरून येतीय, जरा टेकलं की जातंय" असं कुणी सांगितलं, तर पाठ्यपुस्तकातलं वर्णनही याहून नेमकं नसतं. ठरावीक अंतरावर येणं, थांबलं की काही मिनिटांत जाणं, आणि तेवढंच चाललं की पुन्हा येणं ही या दुखण्याची ओळख. पुढे रात्री झोपेतही पाय ठणकतो, माणूस खाटेखाली पाय लोंबत सोडून झोपतो. अंगठ्याची बारकी जखम भरत नाही. मग बोट काळं पडतं. आपल्याकडे बरेच जण दवाखान्याची पायरी चढतात ते या शेवटच्या टप्प्यावर. तोवर 'वय झालं', 'वात आहे', 'शीर दबलीय' यांत वर्षं गेलेली असतात.

हे दुखणं प्रथम नीट लिहून ठेवलं गेलं ते एका घोड्याचं. १८३१ साली फ्रान्समधले पशुवैद्य बुले यांनी गाडीला जुंपलेल्या एका घोड्याची हकीकत लिहिली. थोडं पळालं की घोडा मागच्या पायांनी लंगडायचा, उभा राहिला की ठीक व्हायचा. मेल्यावर उघडून पाहिलं तर मागच्या पायांच्या धमन्या बंद. माणसात हेच दाखवायला आणखी २७ वर्षं लागली. १८५८ साली पॅरिसच्या शार्को यांनी एका जुन्या सैनिकाचं वर्णन केलं. बंदुकीच्या गोळीच्या जुन्या जखमेमुळे त्याच्या धमनीत बिघाड झाला होता आणि तो अगदी त्या घोड्यासारखाच थांबत थांबत चालायचा. या लक्षणाला 'क्लॉडिकेशन' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ लंगडणं. रोमन सम्राट क्लॉडियस लंगडायचा म्हणून त्याच्यावरून हे नाव पडलं, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं, पण ते तसं नाही. दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेत, एवढंच.

म्हणजे या आजाराचा पहिला मार्कर काय होता? एक प्रश्न. 'चालताना दुखतं का, थांबल्यावर जातं का?' १९६२ साली इंग्लंडच्या जेफ्री रोझ यांनी त्याची पद्धतशीर प्रश्नावलीच केली, आणि जगभरच्या पाहण्यांत ती वापरली गेली. त्यात एक प्रश्न चढावर किंवा घाईत चालताना दुखतं का, असा आहे. आता सांगा, नांदेडच्या गोदाकाठच्या सपाट काळ्या रानात चढ शोधायचा कुठे? लातूरकडे बालाघाटाचा उंचसखलपणा तरी आहे. हा विनोद वाटेल, पण प्रश्न कुठल्या जमिनीवर तयार झाला यावर त्याचं उत्तर अवलंबून असतं, हे ध्यानात ठेवा. पुढे डीएनएच्या बाबतीतही हेच होणार आहे.

शिवाय या प्रश्नात मोठं भोक आहे. शुगर फार वर्षं असली की पायाच्या नसा बधिर होतात. दुखण्याची खबरच वर जात नाही. आपल्याकडून पंढरीला चालत जाणाऱ्यांत मधुमेही असतातच; त्यांतल्या कुणाच्या तळव्यात काटा रुतून बसला तरी रात्री चप्पल काढल्यावर कळतं. असा माणूस 'चालताना दुखतं का' याला प्रामाणिकपणे 'नाही' म्हणणार, आणि त्याची धमनी अर्धी बंद असू शकते.

यावरचा उपाय १९५० मध्ये विन्सर यांच्या कामातून आला, आणि तो इतका साधा आहे की अजून त्याची कमाल वाटते. दंडावर बीपी मोजतो तसं घोट्यावर मोजायचं आणि भागाकार करायचा. घोट्याचा वरचा आकडा भागिले दंडाचा वरचा आकडा. समजा दंडावर १४० आणि घोट्यावर ९८ भरलं, तर ०.७. निरोगी माणसात हा भागाकार १ ते १.४ च्या मध्ये येतो, ०.९ किंवा त्याखाली आला की पीएडी धरतात. १.४ च्या वर गेला तर खूश व्हायचं नाही, कारण मधुमेहात धमनी कॅल्शियमने कडक होते, पट्ट्याने दबत नाही आणि आकडा खोटाच फुगतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. पुढे हातात धरायचं छोटं डॉपलर यंत्र आल्यावर घोट्यावरची नाडी ऐकणं सोपं झालं. या भागाकाराला एबीआय म्हणतात. २००० साली चेन्नईतली एक पाहणी प्रसिद्ध झाली, तीही याच मापाने: एकूण लोकांत शंभरी तीनहून थोडे जास्त आणि मधुमेहींत शंभरी सहाहून थोडे जास्त जणांना पीएडी निघाला.

आता जनुकांकडे वळू. पण त्याआधी एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण या क्षेत्रात 'हे त्यांच्या रक्तातच आहे' असं म्हणणं डीएनएची रचना कळण्याच्या कितीतरी आधी सुरू झालं होतं.

१९०८ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात लिओ बर्गर यांनी कापलेले अकरा पाय तपासले. रुग्ण तरुण. धमन्यांत चरबीचा थर नव्हता. दाह होता आणि गाठी होत्या. पाय मात्र तसेच काळे पडलेले. असा एक रुग्ण १८७९ मध्येच विनिवार्टर यांनी नोंदवला होता, पण नाव पडलं ते बर्गर यांचं. त्यांचे रुग्ण बहुतांशी पूर्व युरोपातून आलेले ज्यू होते. झालं, हा 'ज्यूंचा आजार' आहे असं पसरलं. न्यूयॉर्कच्या त्या वॉर्डात कोण माणसं येत होती, ती काय काम करत होती, दिवसाला किती सिगारेटी ओढत होती, हे प्रश्न मागे पडले आणि जमात पुढे आली. हळूहळू डॉक्टरांच्या लक्षात आलं की जवळपास प्रत्येक रुग्ण तंबाखू ओढणारा आहे, आणि तंबाखू पूर्ण सुटली तर आजार थांबतो. १९६० मध्ये तर हा वेगळा आजार आहे का, यावरच अमेरिकेत वाद पेटला होता.

वेगळा आजार आहे, आणि आता तो कुठे जास्त दिसतो विचाराल तर भारत, बांगलादेश, पश्चिम आशिया, जपान आणि कोरियाकडे. पायांच्या धमन्या बंद झालेल्या भारतीय रुग्णांत बर्गरचे रुग्ण जवळपास निम्मे असल्याच्या जुन्या रुग्णालयीन नोंदी आहेत. ज्यूंशी आपला काय संबंध? काही नाही. बिडीशी आहे.

आणि बिडी काही आपल्याला परकी नाही. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट-माहूरच्या जंगलात उन्हाळ्यात तेंदूपत्ता गोळा होतो. कित्येक घरांची वर्षाची रोकड त्यावर असते. बिडीची तंबाखू पिकते निपाणीच्या पट्ट्यात. १९८१ मध्ये शरद जोशींनी तिथल्या शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन केलं ते याच तंबाखूच्या भावासाठी. आणि वळणारे हात सोलापूरच्या बायकांचे. तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं सहज जळत नाही. बिडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात मारावे लागतात. तंबाखू दिसायला कमी, पण छातीत जाणारं निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड कमी नाही. चाळिशीच्या आतला, शुगर नसलेला, शेतात राबणारा माणूस काळं पडलेलं बोट घेऊन आला, की अनुभवी सर्जन आधी त्याच्या खिशाकडे बघतो ते उगाच नाही.

बर्गरच्या आजारातही जनुकांचा वाटा असणार, कारण बिडी ओढणाऱ्या सगळ्यांनाच तो होत नाही. एचएलए नावाच्या जनुकसमूहात बरेच दिवस शोध चाललाय. एका देशात एक प्रकार सापडतो, दुसऱ्या देशात तो टिकत नाही. दवाखान्यात वापरावा असा मार्कर त्यातून निघालेला नाही.

रक्तगटाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिच्यात मराठी माणसं आहेत. ए, बी, ओ हे गट लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये सांगितले. १९५२ मध्ये मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयातले डॉ. वाय. एम. भेंडे, त्यांचे सहकारी देशपांडे आणि भाटिया यांनी इंग्लंडमधल्या संशोधकांबरोबर 'लॅन्सेट'मध्ये एक छोटं टिपण छापलं. काही जणांचं रक्त तपासल्यावर ओ वाटत होतं, पण त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नव्हतं. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो 'एच' नावाचा पायाच त्यांच्या रक्तात नव्हता. हाच तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. रक्तपेढीत काम केलेल्यांना तो शोधताना होणारी धावपळ माहीत असेल.

पायांच्या आजाराशी याचा संबंध असा. ए, बी आणि एच या साखरेच्या साखळ्या फक्त लाल पेशींवर नसतात. रक्त गोठवायला मदत करणाऱ्या व्हॉन विलेब्रांड फॅक्टर नावाच्या प्रथिनावरही त्या चिकटलेल्या असतात. ओ गटाच्या माणसात हे प्रथिन साधारण चौथाईने कमी असतं, कारण ते लवकर मोडलं जातं. म्हणून ओ गटवाल्यांचं रक्त गोठायला जरा कमी उत्सुक. २००८ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा ओ नसलेल्यांत पायांच्या धमन्यांच्या आजाराची शक्यता सुमारे दीडपट निघाली.

थांबा, लायसन्स बघून घाबरू नका. दीडपट हा शब्द फसवा आहे. शंभरातल्या तिघांचे चार-साडेचार झाले तरी दीडपटच, आणि उरलेले पंचाण्णव तसेच ठणठणीत. ओ नसलेले लोक निम्म्याहून जास्त आहेत. एवढ्या सगळ्यांना 'धोक्यात' म्हणायचं तर त्या शब्दाला अर्थ उरत नाही. आणि मला जास्त खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. असे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले. तिथे 'ओ नसलेला' म्हणजे बहुधा ए गटाचा. आपल्याकडे बी गट कितीतरी जास्त. म्हणजे तिकडचा आकडा उचलून इकडे लावताना आपण नकळत ए चा हिशेब बी च्या नावावर मांडतो. तो कदाचित बरोबरही येईल. पण तो इथे मोजायला हवा.

इथे मोजण्याची परंपराही आपल्याकडे आहे, बरं का. १९४० च्या दशकाच्या शेवटी डॉ. वसंत खानोलकर आणि एल. डी. संघवी यांनी मुंबईतल्या सहा अंतर्विवाही समाजगटांतली सात जनुकीय लक्षणं मोजून त्यांची तुलना केली होती. एकाच शहरात राहणारी, पण आपसांतच लग्नं करणारी माणसं जनुकांच्या प्रमाणात एकमेकांपेक्षा किती वेगळी असू शकतात, हा त्यामागचा प्रश्न. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांचा अभ्यास आला. त्यांतल्या ८१ गटांत, मोजक्या पूर्वजांपासून वाढल्याच्या खुणा फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा पूर्व युरोपच्या ज्यूंपेक्षाही ठळक निघाल्या. मराठवाड्यात मामाची किंवा आत्याची पोरगी करण्याची रीत आहेच, त्यामुळे हा मुद्दा आपल्या घरातला. मात्र पीएडी हा एका जनुकाचा आजार नाही, त्यामुळे 'जवळच्या नात्यातलं लग्न म्हणून पाय गेला' असा निष्कर्ष कुणी काढू नका.

मग पीएडी किती 'आनुवंशिक' आहे? स्वीडनमध्ये जुळ्यांच्या नोंदी वापरून २०११ मध्ये हिशेब केला, तो ५८ टक्के निघाला. हा आकडाही नीट वाचायचा असतो. तुमच्या पायाचा ५८ टक्के दोष आईबापाचा, असं तो म्हणत नाही. स्वीडनच्या त्या लोकांत कुणाला आजार झाला आणि कुणाला नाही, या फरकापैकी तेवढा भाग जनुकांतल्या फरकाशी जुळतो, एवढंच. जिथे एक गाव बिडी ओढतं आणि शेजारचं ओढत नाही, तिथे हा आकडा वेगळा येईल.

२००७ पासून शोधाची पद्धतच बदलली. आधी एखादं जनुक संशयित म्हणून पकडायचं आणि तपासायचं. आता हजारो लोकांच्या डीएनएवरच्या लाखो जागा एकदम तपासायच्या आणि रुग्णांत कुठली जागा जास्त बदललेली दिसते ते पाहायचं. त्या वर्षी नवव्या गुणसूत्रावरची ९पी२१ ही जागा हृदयविकाराशी जोडली गेली. नंतर घोटा-दंडाच्या भागाकाराशीही तिचा संबंध दिसला. गंमत म्हणजे तिथे प्रथिन बनवणारं जनुकच नाही.

२००८ मध्ये आइसलंडच्या संशोधकांनी पंधराव्या गुणसूत्रावरचा एक बदल सांगितला, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतला तो सगळ्यात बोलका शोध आहे. तो बदल एकाच वेळी तीन गोष्टींशी जोडलेला होता: निकोटिनचं व्यसन, फुप्फुसाचा कॅन्सर आणि पीएडी. मेंदूतल्या निकोटिन पकडणाऱ्या प्रथिनाचं हे जनुक. बदलाची प्रत असलेला माणूस ओढायला लागला तर दिवसाला सरासरी एखादी सिगारेट जास्त ओढतो, आणि बहुधा त्या जादा सिगारेटीच वर्षानुवर्षं त्याच्या धमन्या बिघडवतात. म्हणजे पीएडीचा जनुकीय मार्कर म्हणून जो हाती लागला, तो खरं तर तंबाखूचा मार्कर. ज्याने आयुष्यात कधी बिडी शिवलीच नाही त्याच्यात हा बदल असला काय, नसला काय!

पण इथे आपला प्रश्न येतोच. तिकडे मोजली ती सिगारेट. आपल्याकडे तंबाखू ओढतात, चघळतात, चुन्यात मळतात आणि दातांना लावतात. खेड्यातल्या कित्येक बायका 'मी तंबाखू खात नाही' असं म्हणतात, आणि ते म्हणताना हिरडीला मिश्री असते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, त्यामुळे तो खाणाराही चटकन सांगत नाही. दिवसाला किती सिगारेटी, या एका आकड्यावर उभा राहिलेला मार्कर अशा ठिकाणी काय भाकीत करणार?

२०१९ मध्ये सगळ्यात मोठा अभ्यास आला. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींतून पीएडीचे ३१,३०७ रुग्ण आणि आजार नसलेले २,११,७५३ जण घेतले. १९ जागा सापडल्या, त्यांतल्या १८ पीएडीसाठी नव्या. अकरा जागा अशा की त्या हृदय, मेंदू आणि पाय या तिन्हीकडच्या धमन्यांना त्रास देतात. कोलेस्टेरॉल वाहून नेणारी मंडळी त्यात आली. एलपीए हे जनुकही त्यातलंच. त्याच्यामुळे रक्तातल्या लायपोप्रोटीन(ए)चं प्रमाण ठरतं. हा पदार्थ १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधला. त्याची पातळी जवळपास जन्मतःच ठरलेली, म्हणून आयुष्यात एकदा तपासली तरी बहुधा पुरते. घरात कमी वयात हार्ट अटॅक किंवा पायाचा त्रास झालेला असेल तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारा. जनुकाशी इतकी थेट जोडलेली आणि तरीही साध्या रक्ततपासणीत कळणारी ही एकच गोष्ट मला या यादीत दिसते.

चार जागा मात्र फक्त पायांच्या. त्यांतली एक एफ५ जनुकातली, फॅक्टर फाइव्ह लायडन म्हणून ओळखली जाणारी. तिने रक्त गोठण्याचा कल वाढतो. हृदयापेक्षा पायांच्या धमन्यांत गाठीचा वाटा मोठा असावा, असा त्याचा अर्थ लावला गेला. रिव्हरॉक्सबान या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा कमी डोस ॲस्पिरिनबरोबर दिला तर पायांना फायदा होतो, हे २०१७ आणि २०२० मधल्या मोठ्या चाचण्यांत दिसलं, त्याला या शोधाने डीएनएकडून दुजोरा मिळाला. जनुकांच्या अभ्यासाचं खरं फळ मला इथे दिसतं: कुणाला आजार होईल हे सांगण्यात कमी, आजार कशाने होतो हे कळण्यात जास्त. कारण फॅक्टर फाइव्ह लायडन युरोपीय वंशाच्या शंभरातल्या पाचेक जणांत असतं, आपल्याकडे फारच कमी. आपल्या लोकांत त्याची सरसकट चाचणी केली तर जवळपास सगळे कोरे कागद येतील. पण ते पाहून सापडलेली औषधाची दिशा लातूरच्या रुग्णालाही लागू पडते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. त्यात दोन प्रश्न मिसळलेत, ते वेगळे करू. 'आज माझ्या पायाची धमनी बंद होतेय का' हे निदान. 'वीस वर्षांनी होईल का' हे भाकीत. डीएनए जन्मापासून मरेपर्यंत तोच राहतो. विशीतल्या तुमच्या ठणठणीत पायात जो होता, तोच साठीतल्या दुखऱ्या पायात. जी गोष्ट बदलतच नाही ती 'आज काय झालंय' हे सांगू शकत नाही. म्हणून डीएनएने निदान होत नाही, आणि कुणी तसं पॅकेज विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. निदानासाठी बदलणारी खूण हवी. रक्तातली काही प्रथिनं किंवा मायक्रोआरएनए नावाचे बारके तुकडे या कामासाठी तपासले जाताहेत. अजून त्यांतलं काहीही एबीआयच्या पट्ट्याची जागा घेण्याइतकं पक्कं झालेलं नाही.

भाकितासाठी एकेका जागेचा परिणाम फार लहान असतो, म्हणून शेकडो-हजारो जागांची बेरीज करतात. याला पॉलिजेनिक स्कोअर म्हणतात. जगभरच्या अशा अभ्यासांतले तीन चतुर्थांशांहून जास्त लोक युरोपीय वंशाचे, आणि ते माजी सैनिक तर बहुतांशी पुरुष. त्या बेरजेत मराठवाड्यातली बाई बसवायची तर ती किती बसेल?

याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही, कारण पुण्यात असं एक काम झालंय, वेगळ्या आजारावर. टाइप १ आणि टाइप २ मधुमेह ओळखण्यासाठी युरोपात तयार झालेला जनुकीय स्कोअर केईएम रुग्णालय, पुणे इथल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने इंग्लंड आणि हैदराबादच्या सहकाऱ्यांबरोबर पुण्याच्या रुग्णांवर तपासला. २०२० मध्ये ते छापून आलं. स्कोअर चालला, पण युरोपातल्यापेक्षा थोडा कमी नेमका, आणि काही जनुकांचं वजन इकडे वेगळं निघालं. मला हा निबंध आवडतो तो त्याच्या सरळपणामुळे. परदेशी आहे म्हणून फेकलं नाही, आणि परदेशी आहे म्हणून डोळे झाकून घेतलंही नाही. आपल्या रुग्णांवर लावून पाहिलं. पायांच्या आजारासाठी आपल्याकडे हेच व्हायला हवं. देशातल्या ८३ समाजगटांतल्या दहा हजार लोकांचे जीनोम वाचणारा 'जीनोम इंडिया' प्रकल्प २०२० मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याची माहिती संशोधकांना खुली झाली. त्यामुळे कुठला बदल आपल्याकडे किती जणांत आहे, हे बघायची सोय आता झाली. पण डीएनएच्या शेजारी त्या माणसाच्या घोट्याचा आकडा नसेल, तर तो बदल आजार करतो की नाही हे कळणार कसं?

आणि घोट्याचा आकडा गोळा करायला आपल्याकडे तशी सुरुवातच उशिरा झाली. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. मोठ्या दुखण्याला नांदेडचा माणूस गाडीत बसायचा तो हैदराबादसाठी. मराठवाड्यातलं पहिलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादला निघालं १९५६ मध्ये, मग अंबाजोगाई सत्तरच्या दशकात, नांदेड १९८८ मध्ये आणि लातूरचं सरकारी २००२ मध्ये. बर्गर अकरा पाय तपासत होते तेव्हापासून पुढची जवळपास पन्नास वर्षं आपल्या भागात कापलेला पाय तपासून लिहून ठेवणारं महाविद्यालयच नव्हतं.

म्हणून माझा स्वतःचा कौल विचाराल तर असा. अमेरिकेतल्या पुरुषांच्या एका मोठ्या अभ्यासात पीएडीच्या सुमारे तीन चतुर्थांश ओझ्याचा हिशेब चार गोष्टींत लागला: धूम्रपान, बीपी, कोलेस्टेरॉल आणि मधुमेह. यातली एकही ओळखायला डीएनए लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात शुगरच्या रुग्णाच्या घोट्यावर वर्षातून एकदा पट्टा बांधला गेला तर वाचणाऱ्या बोटांची संख्या, मी पीएचडीत जे काही शोधेन त्याच्या कितीतरी पट असेल. तरीही मी जनुकांवर काम करतोय. कारण उरलेला चतुर्थांश आहेच, आणि एकाच बांधावर बसून एकच बिडी वाटून ओढणाऱ्या दोन भावांपैकी एकाचाच पाय का जातो, याचं उत्तर त्या चार गोष्टींत नाही.

त्यासाठी नमुने घेताना भरायचा फॉर्म सध्या पक्का करतोय. रक्तगट, एबीआय, शुगर किती वर्षांची, हे सगळं आहे. तंबाखूच्या रकान्याखाली आतापर्यंत सहा ओळी झाल्यात: बिडी, सिगारेट, चिलीम, चुना-तंबाखू, गुटखा, मिश्री. तुमच्या गावात सातवा काही प्रकार चालत असेल तर त्याचं तिथलं नाव कळवा, ओळ वाढवतो.